चित्र आणि इलेक्ट्रॉनिक संगीत : एका कल्पित कलादालनाचा आराखडा

चित्रकला आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एका छताखाली नांदवायचे तर दोन अडचणी आधी सोडवाव्या लागतात. पहिली जागेची. दोन चित्रांमध्ये भिंत घातली की ती एकमेकांच्या आड येत नाहीत. आवाजाला मात्र साधी भिंत पुरत नाही. ५० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते आणि प्लायवुडच्या पार्टिशनमधून तो सहज पलीकडे जातो. दुसरी अडचण वेळेची. चित्रापुढे किती थांबायचे हे पाहणारा ठरवतो, तर संगीतरचना आपला वेळ ठरवूनच आलेली असते. त्यामुळे अशा दालनाचे नियोजन ध्वनी आणि वेळ यांपासून सुरू करावे लागते. चित्रे कुठे टांगायची हा प्रश्न नंतरचा. आजवरचे मोठे प्रयोग या नजरेने पाहिले की त्यांत काय साधले आणि काय निसटले ते कळते.

ब्रुसेल्स, १९५८

ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीला आपले दिवे आणि ध्वनियंत्रणा दाखवायच्या होत्या. काम वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले. ते तेव्हा चंदीगडच्या उभारणीत गुंतलेले असल्याने मंडपाला प्रत्यक्ष आकार दिला तो त्यांचे सहकारी इआनिस झेनाकिस यांनी. झेनाकिस अभियंते होते आणि संगीतकारही. सुमारे ५ सेंटिमीटर जाडीचे काँक्रीटचे तुकडे पोलादी तारांनी धरून त्यांनी वळणदार, टोकदार कवच उभे केले. आतली जागा जठराच्या आकाराची होती : प्रेक्षक एका दाराने येत आणि कार्यक्रम संपला की दुसऱ्या दाराने बाहेर पडत.

एडगार व्हारेझ यांची ‘पोएम एलेक्ट्रॉनिक’ ही ८ मिनिटांची फितीवरची रचना ३००हून अधिक लाउडस्पीकरांतून वाजे. एका स्पीकरकडून दुसऱ्याकडे सरकत आवाज ठरलेल्या मार्गांनी कवचावरून फिरे आणि त्याच वेळी भिंतींवर ल कॉर्बुझिए यांनी निवडलेल्या प्रतिमा व रंगीत प्रकाश पडे. प्रेक्षकांची एक तुकडी जाऊन दुसरी येईपर्यंत झेनाकिस यांची, जळत्या कोळशाच्या तडतडीतून घडवलेली छोटी रचना ऐकवली जाई. प्रतिमा आणि संगीत यांची कामे स्वतंत्रपणे झाली होती. जुळवली होती ती मुख्यतः त्यांची लांबी. तरीही येणे, थांबणे आणि जाणे यांचे गणित इमारतीच्या आकारातच बसवल्यामुळे प्रत्येकाला रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिळाली. १९५९च्या जानेवारीत मंडप पाडण्यात आला. फीत उरली, पण आवाजाचे ते फिरणे जागेबरोबरच गेले.

ओसाका, १९७०

ओसाकाच्या प्रदर्शनात असे दोन मंडप होते. पश्चिम जर्मनीच्या मंडपातील गोलाकार सभागृहात ५० स्पीकर श्रोत्यांच्या वर, भोवती आणि खालीही कड्यांसारखे लावले होते. श्रोते जाळीच्या फरशीवर बसत, त्यामुळे आवाज पायांखालूनही येई. कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांचे संगीत तिथे प्रदर्शनभर रोज काही तास होत असे.

पेप्सीच्या मंडपाचे काम अमेरिकेतील कलाकार-अभियंत्यांच्या ‘एक्सपरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’ या संस्थेने केले. घुमटाच्या आतून चकचकीत आरसा होता आणि त्यात माणसांच्या उलट्या प्रतिमा अधांतरी तरंगताना दिसत. बाहेर फुजिको नाकाया यांनी घडवलेले धुके छपरावरून उतरे. फरशीचे भाग हिरवळ, लाकूड, फरसबंदी, डांबर अशा वेगवेगळ्या साहित्याचे होते. प्रेक्षकाने हातातले श्रवणयंत्र कानाला लावले की पायाखालची जमीन बदलेल तसा आवाज बदले. एका खोलीत अनेक ध्वनी असूनही ते एकमेकांत मिसळत नव्हते. पुढे खर्चावरून मतभेद झाले आणि कंपनीने कार्यक्रम लवकरच आपल्या हाती घेतला. उभारणीइतकीच रोजच्या चालवण्याची तरतूदही आधी करावी लागते, हा त्यातला धडा.

न्यूयॉर्क, अहमदाबाद, मुंबई

संगीतकार ला माँट यंग आणि प्रकाशाच्या कलाकार मेरियन झझीला यांनी वेळेची अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली. न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर १९९३ पासून असलेल्या त्यांच्या ‘ड्रीम हाउस’मध्ये विद्युत-स्वर अखंड चालू असतात आणि खोली किरमिजी-जांभळ्या प्रकाशात बुडालेली असते. बूट काढून आत जायचे आणि हवे तितके बसायचे. मान किंचित वळवली तरी ऐकू येणारा स्वरमेळ बदलतो, कारण खोलीत स्थिर झालेल्या ध्वनितरंगांत जागोजागी तीव्रता वेगळी असते. आदि-अंत नसल्याने कोणीही केव्हाही आत शिरले तरी काही चुकत नाही. हे दोघे किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य. तंबोऱ्याच्या अखंड षड्जाशी या कामाचे नाते थेट आहे.

भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. त्यामागे संगीतज्ञ गीता साराभाई यांचा पुढाकार होता. तिथल्या फिती अनेक वर्षे संग्रहात पडून होत्या. कलाकार पॉल पुर्गस यांनी त्या बाहेर काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली. हा स्टुडिओ उभा राहिला त्याच सुमारास मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांच्या ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’मध्ये रेषांच्या भूमितीवर आधारलेला ‘सिझिजी’ हा मूक चित्रपट तयार झाला. एका शहरात चित्राविना ध्वनी, दुसऱ्यात ध्वनीविना चित्र. कल्पित दालनात या दोन्ही वारशांना शेजारी-शेजारी जागा मिळू शकते.

आराखडा

या अनुभवांतून तीन खोल्यांचे दालन सुचते. पहिली अखंड ध्वनीची : केव्हाही यावे, केव्हाही जावे. दुसरी ठरलेल्या वेळेची : आठ-दहा मिनिटांची रचना, येण्या-जाण्याची दारे वेगळी, बाहेर पुढच्या खेळाची वेळ लिहिलेली. तिसरी टांगलेल्या चित्रांची : तिथे ध्वनी फक्त हेडफोनवर. खोल्यांच्या मध्ये दोन-दोन दारांची शांत मार्गिका हवी. ध्वनीच्या खोल्यांना दुहेरी, जड, मध्ये पोकळी ठेवलेल्या भिंती लागतात.

खोलीचे घुमणे आधी मोजता येते. १२ मीटर लांब, १० रुंद आणि ५ उंच खोलीचे घनफळ ६०० घनमीटर होते आणि भिंती, जमीन, छत मिळून पृष्ठभाग ४६० चौरस मीटर. गिलावा आणि गुळगुळीत फरशी ध्वनीचा जेमतेम ५ टक्के भाग शोषतात असे धरले, तर ध्वनिशास्त्रज्ञ सबाइन यांच्या सूत्राने आवाज विरायला सुमारे ४.२ सेकंद लागतात. त्यात तालाचा नुसता गोंगाट होतो. केवळ छताला ८० टक्के शोषणारे आवरण दिले की हाच काळ ०.९ सेकंदाच्या आत येतो. म्हणून हा खर्च रंगकामाच्या आधी धरावा.

प्रकाशाचे नियमही खोल्या वेगळ्या ठेवायला लावतात. जलरंग आणि कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्स, तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत प्रकाश चालतो. प्रोजेक्टरला काळोख लागतो. प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज शांत रचनेत खुपतो, म्हणून तो काचेमागे, हवा खेळती असलेल्या कप्प्यात ठेवावा. दिव्यांचे डिमर आणि ध्वनियंत्रणा यांची वायरिंग वेगळी असावी. अर्थिंग बिघडले की ५० हर्ट्झची गुणगुण प्रत्येक स्पीकरमधून येते.

ध्वनीच्या पातळीवर मर्यादा हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपर्यंत ठेवली आहे. दिवसभर तिथे थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी पातळी याहून बरीच कमी असावी. भारताच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, म्हणून बाहेर जाणारा खर्ज उद्‌घाटनापूर्वीच मोजावा.

शेवटचा भाग जतनाचा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हींवरच्या कलाकृती सुटे भाग मिळेनासे झाल्याने अडचणीत येतात. फिती झिजतात आणि सॉफ्टवेअर कालबाह्य होते. प्रत्येक कलाकृतीसोबत मूळ ध्वनिफाइल, स्पीकरांच्या जागांचा नकाशा, आवाजाच्या पातळीची नोंद आणि कोणते यंत्र बदलले तर चालेल याबद्दल कलाकाराची लेखी संमती घ्यावी. ब्रुसेल्सच्या मंडपाबाबत अशी पूर्ण नोंद असती, तर ध्वनीचे मार्ग नंतरच्या संशोधकांना तर्काने जुळवावे लागले नसते.