पाळणा गाव सोडतो, पार्क सोडत नाही

जत्रेतला आकाशपाळणा आणि मनोरंजन पार्कातलं मोठं चक्र यांत फरक काय, असं विचारलं तर आपण पटकन म्हणू, आकाराचा. खरा फरक वेगळाच आहे. पाळणा चार दिवसांनी गाव सोडतो, पार्काला गाव सोडता येत नाही. पार्कांमध्ये दशकानुदशकं जे बदल होत गेले, त्यांचं मूळ इथे आहे.

आमच्या पांढरकवड्याशेजारी केळापूरला जगदंबेच्या नवरात्रात गर्दी लोटते. लहानपणी मुठीत ईदी जपून आम्ही पोरं पाळण्याची वाट पाहायचो, मग तो उरुसात लागो की नवरात्रात. आमचं मन भरण्याआधीच पाळणेवाला सांगाडा उतरवून पुढच्या गावी जायचा. वर्षभरानं तोच पाळणा पुन्हा नवा वाटायचा. त्याला काही बदलावं लागत नसे. विसरण्याचं काम आम्हीच करत होतो.

पार्काला ही सोय नाही. चक्रात पहिल्यांदा बसताना पोटात गोळा येतो. तिसऱ्यांदा बसलो की वरून आपण चहाची टपरी शोधतो. यंत्राआधी नवलाई झिजते. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत डिस्नेलँड उघडलं, तेव्हा हे काम कधीच पूर्ण व्हायचं नाही, अशीच त्यांची धारणा होती.

आपल्याकडचं उदाहरण पाहा. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये सुभाष चंद्र यांच्या एस्सेल समूहानं एस्सेल वर्ल्ड सुरू केलं. खाडी ओलांडून बोटीनं जायचं. जाहिरातीमुळे हे नाव विदर्भातल्या घरांतही पोचलं. समुद्र न पाहिलेल्या पोरांनाही ते पाठ झालं. १९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंग्डम आलं. त्यामागचा हिशेब सोपा होता. चक्रात दोन मिनिटांची मजा आणि त्यासाठी भली मोठी रांग. पाण्यात मात्र आजीपासून नातवापर्यंत सगळे एकदम उतरतात आणि अख्खा दिवस काढतात. शिवाय उन्हाळ्यात पाणी कधी जुनं होत नाही. पुढे २००९ मध्ये त्याच परिसरात, सुभाष चंद्र यांनी दान दिलेल्या जमिनीवर, विपश्यनेच्या भव्य पॅगोड्याचं उद्घाटन झालं. एकाच बोटीतून कुणी किंचाळायला जाई, कुणी गप्प बसायला.

२०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं. इथे यंत्रांभोवती गोष्टी गुंफल्या होत्या. अलिबाबा होता, मिस्टर इंडिया होता. थीम पार्क म्हणतात ते हेच. नुसता झोका द्यायचा नाही, त्याला कथानक जोडायचं. पण गोष्टही पाठ होते. मग पाणी आलं, हॉटेल आलं, बर्फ आला. नवं आणायचं तर कर्ज आलंच. २०२० मध्ये करोनानं देशभरातल्या पार्कांची फाटकं बंद केली. माणसं येईनाशी झाली तरी यंत्रांची देखभाल आणि व्याज थांबत नाही. २०२२ मध्ये इमॅजिका मालपाणी समूहाकडे गेलं आणि त्याच वर्षी एस्सेल वर्ल्डची चक्रं थांबली.

दुसरं संकट जमिनीचं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये उघडलं. २००८ मध्ये ते बंद झालं, कारण जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराला आणि मेट्रोला हवी होती. शहर वाढलं की पार्काखालची जमीन पार्काहून मोलाची होते.

या सगळ्यात आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा कमी होते. पाळण्याचे पैसे फेरीगणिक होते. ईदी संपली की आम्ही खाली उभं राहून बघायचो, पण जत्रेतच असायचो. पार्कात बहुतेक सगळ्या फेऱ्यांचे पैसे फाटकावरच मोजावे लागतात. मालकाचाही नाइलाज असतो. यंत्राचा खर्च कुठून तरी काढायचाच. पण यंत्र जितकं नवं, तितकं तिकीट महाग आणि तितकी जास्त पोरं फाटकाबाहेर.

म्हणून विदर्भातल्या एखाद्या तालुक्यात उद्या असं काही उभं राहणार असेल, तर आधी झाडं लावावीत. यंत्र पहिल्या दिवशी सर्वांत चांगलं असतं, मग उतरत जातं. कडुनिंब पहिल्या दिवशी काडीएवढा असतो आणि वीस वर्षांनी सावली धरतो. आमच्याकडच्या उन्हात सावली जुनी झाली, असं कुणी म्हणत नाही. त्या सावलीत बसायला पैसे नसावेत. पाळण्याच्या फेरीचे खुशाल वेगळे घ्या.