मला आवडतं, मे गुस्ता

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात हैदराबादच्या बेगम बाजारात सुक्यामेव्याच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. हातगाड्या, पोती, डोक्यावर खोकी घेतलेले हमाल. त्यातून वाट काढत मी आणि माझी भाची नेहमीच्या दुकानाशी पोहोचलो. गल्ल्यावरच्या चाचांनी तिच्या तळहातावर एक खुबानी ठेवली, "चखके देखो बेटा." तिनं ती चावली, बी गालात धरली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "नक्को, चाचा." चाचांनी लगेच अंजिराचा डबा पुढं केला.

तिच्या पिशवीत स्पॅनिशची वही होती. आदल्या रात्री तीच वही उघडून ती माझ्यासमोर बसली होती. धडा होता आवडीनिवडी सांगण्याचा, आणि पानभर लाल रेघा. तिनं लिहिलं होतं, "यो गुस्तो एल मांगो."

"मावशी, यो म्हणजे मी, गुस्तार म्हणजे आवडणं, मांगो म्हणजे आंबा. मग चुकलं कुठं?"

"हेच मराठीत म्हण बघू. शब्दाला शब्द."

"मी आंबा आवडतो," ती म्हणाली आणि थांबली. मग स्वतःशीच पुटपुटली, "मला आंबा आवडतो. मे गुस्ता एल मांगो."

मला हे कळकळीनं सांगायचं आहे. स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मुलांना गुस्तार अवघड जातं, कारण आपण ते इंग्रजीच्या दारातून आत आणतो. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता, आंबा कर्म. त्यामुळे इंग्रजी पुस्तकं या क्रियापदावर पानंच्या पानं खर्च करतात आणि त्याला 'उलटं क्रियापद' म्हणतात. मराठी माणसाला ते सुलटंच आहे. आपल्याकडे आंबा कर्ता असतो आणि तो 'मला' आवडतो. आंबे आवडतात, तसंच मे गुस्तान लोस मांगोस. एकवचनाला गुस्ता, अनेकवचनाला गुस्तान. मराठीत तर यापुढे लिंगही सांभाळावं लागतं: आंबा आवडतो, चिंच आवडते, लिंबू आवडतं. तीन लिंगांचं हे ओझं जी मुलगी चौथ्या वर्षापासून सहज वाहते, तिला गुस्ता-गुस्तानचं भय कशाला?

उच्चारही आपल्या बाजूनं आहे. गुस्तामधला त आपल्या ताटातला त आहे. इंग्रजी वळणाच्या जिभेला तो मुद्दाम घोटावा लागतो.

ही रचना आपल्याकडे किती जुनी आहे, हे पाणिनीकडे गेलं की दिसतं. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात त्यानं यासाठी वेगळा नियमच केला आहे: रुचणं या अर्थाचा धातू असेल तर ज्याला रुचतं तो संप्रदान, म्हणजे चतुर्थीत. त्यावरच्या टीकेतलं उदाहरण मोदकाचं आहे. आणखी एक धागा मला फार सुंदर वाटतो. गुस्तार आलं लॅटिनमधल्या चाखणं या अर्थाच्या क्रियापदावरून, आणि त्याचं मूळ संस्कृतातल्या जुष् या धातूशी जुळतं. चाखणं आणि रुचणं किती जवळचं, हे खुबानी चावणाऱ्या मुलीकडे पाहताना वेगळं सांगावं लागत नाही.

बेगम बाजारात तर चारही बाजूंनी 'मला'च ऐकू येतं. निजाम अली खानांच्या पत्नी हुमदा बेगम यांनी ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. मराठवाडा आधी हैदराबाद संस्थानात आणि मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे या बाजाराला मराठी बोलणं नवं नाही. तेलुगू बाई म्हणते 'नाकु इष्टम्', म्हणजे मला आवडतं. दखनीत 'मेरेकू पसंद है'. आणि नक्को तर आपलंच. दखनीनं मराठीतून 'नको' उचलला आणि क जोरात दाबला. 'मैइच' मधला च सुद्धा आपलाच. म्हणजे भाची चाचांशी बोलली तेव्हा तिच्या तोंडी मराठीच होती, दखनीतून फिरून आलेली.

पण नको आणि आवडत नाही यांच्यामध्येच स्पॅनिशचा खरा खड्डा आहे. आवडत नाही म्हणजे नो मे गुस्ता. इथं 'मला' चालतं. नको म्हणजे नो क्येरो, आणि इथं करणारी 'मी'. मराठीत हवं, नको, आवडतं, भूक लागते, सगळीकडे 'मला'. स्पॅनिशमध्ये हवं म्हणायला क्येरो, भूक लागली म्हणायला तेंगो आंब्रे, म्हणजे माझ्याजवळ भूक आहे. मराठी मुलं इथं अडखळतात, आणि इंग्रजी पुस्तकात या अडखळण्याची दखल नसते, कारण ते पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलेलंच नाही.

दुसरी चूक वहीत चार वेळा होती. 'मावशीला केशर आवडतं' हे तिनं 'आ मी तीआ गुस्ता एल आसाफ्रान' असं लिहिलं. मधला 'ले' राहिला. स्पॅनिशला मावशीला म्हटल्यावर पुन्हा 'तिला' म्हणावंच लागतं: आ मी तीआ ले गुस्ता. शिवाय केशराआधी 'एल' हवाच. तो मराठीत नाही, म्हणून तो सतत निसटतो. हा मात्र पाठच करायचा. दुसऱ्याच्या आवडीला दुजोरा देताना आपण 'मलापण' म्हणतो, 'मीपण' नाही. स्पॅनिशमध्येही आ मी ताम्ब्येन. नावडीला जोड द्यायची तर आ मी ताम्पोको.

माणसांबाबत जपून. 'तू मला आवडतोस' हे आपण वर्गातल्या मुलाला सहज म्हणत नाही. मे गुस्तास मध्येही तोच अर्थ दडलेला आहे. साध्या मैत्रीला मे काएस ब्येन पुरतं. आवडतोस आणि गुस्तास, दोन्हींच्या टोकाला तोच स आहे, हे दाखवल्यावर भाचीनं दोन्ही शब्द वहीत एकाखाली एक लिहिले.

हैदराबादेत स्पॅनिश शिकायची सोय नवी नाही. उस्मानिया विद्यापीठाशेजारचं इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ १९५८ मध्ये इंग्रजीची संस्था म्हणून सुरू झालं, आणि आज तिथं स्पॅनिशमध्ये पदवी घेता येते. स्पॅनिश बोलणारे वीसेक देश आहेत. आपल्या मुलांनी तिथपर्यंत जाताना मराठीचा आधार घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

चाचांनी केशराची इवलीशी डबी उघडली. "ज़ाफ़रान, असली." भाचीनं मान वर केली. "मावशी, आसाफ्रान!" स्पेनमध्ये तो शब्द अरबीतून गेला, इकडे फारसी-उर्दूतून आला. तिनं डबी नाकाशी नेली. "और क्या होना?" चाचांनी विचारलं.

ती आधी माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "मे गुस्तारीआ... चाखायला आवडेल." मग चाचांना म्हणाली, "पिस्ता चखके देखूं?"