भिजत घोंगडे आणि उरलेला माल

धंदा कसा उभारावा हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. तो आवरता कसा घ्यावा हे सांगणारे पुस्तक मात्र सहसा हाती लागत नाही. आरंभाला आपल्याकडे मुहूर्त आहे, नारळ आहे, पेढे आहेत. शेवटाला काहीच नाही. एके दिवशी माग थांबतो, घरातली माणसे काही दिवस त्या खोलीत जायचे टाळतात, आणि कोपऱ्यात रचलेली मालाची चवड तशीच राहते. त्या चवडीचे पुढे काय करावे, हा विषय दिसायला लहान आहे; परंतु ज्याच्या घरी ती चवड आहे त्याला तो लहान वाटत नाही. म्हणून आज त्याचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरण आपल्या परिसरातलेच घेऊ. रहिमतपूरच्या पूर्वेला खटाव आणि माण हे कमी पावसाचे, मेंढपाळांचे तालुके. धनगराने मेंढी राखायची, लोकर कातरायची, घरच्या बायकांनी तिचे सूत काढायचे आणि सणगराने त्याची घोंगडी विणायची, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी. उभे धागे अंगणात ताणून त्यांना चिंचोक्याची खळ द्यावयाची, मग खड्ड्याच्या मागावर बसून आडवा धागा भरावयाचा. म्हसवडच्या घोंगडीचे नाव या साऱ्या मुलखात आहे. राखणीला निघालेल्या माणसाचे ते अंथरूण, पांघरूण आणि पावसात डोईवरची खोळही.

ही साखळी का निखळली ते थोडक्यात सांगतो. गिरणीची ब्लँकेटे आणि कृत्रिम धाग्याच्या मऊ चादरी स्वस्त झाल्या. चराऊ राने आक्रसली. जत तालुक्यातील माडग्याळ जातीसारख्या, अंगावर लोकर कमी पण मांस अधिक देणाऱ्या मेंढ्या पाळणे मेंढपाळाला परवडू लागले. १९८५ च्या हातमाग कायद्याने कांबळीसारखे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवले खरे. पण कायदा माल राखून ठेवू शकतो, गिऱ्हाईक राखून ठेवू शकत नाही.

आता समजा, आपल्यापैकी एका घरातला माग यंदा थांबला. विणणाऱ्याचे गुडघे खड्ड्यात बसू देत नाहीत आणि मुलगा पुण्यात नोकरीला आहे. घरात चाळीस घोंगड्या शिल्लक आहेत. एका नगाला सातशे रुपयांचे सूत आणि पाचशे रुपयांची मजुरी, म्हणजे बाराशे रुपये खर्च आला, असे धरू. एक व्यापारी येतो आणि सरसकट चारशे रुपये नगाने सारा माल उक्ता मागतो. सोळा हजार रुपये रोख. आकडे आम्ही हिशेबापुरते कल्पिलेले आहेत. पेच मात्र कल्पित नाही.

अशा वेळी माणसाकडून दोन प्रकारच्या चुका होतात. एक तर तो कंटाळून म्हणतो, "घेऊन जा, एकदाची खोली मोकळी होऊ दे." नाही तर तो अडून बसतो : "बाराशे खर्च आला आहे, तेराशेच्या खाली एकही देणार नाही." पहिल्याने आपल्या कष्टाची किंमत शून्य धरली. दुसऱ्याने ती गिऱ्हाइकाकडून वसूल करण्याचा हट्ट धरला. वस्तुतः बाराशे रुपये ज्या दिवशी खर्ची पडले त्याच दिवशी ते गेले. वाहून गेलेल्या पाण्याला बांध घालता येत नाही. आता प्रश्न एवढाच उरतो की, या घोंगडीचा ज्याला उपयोग आहे तो माणूस कोण, तो कोठे भेटेल आणि तिच्यासाठी तो काय देईल.

पहिले काम मोजणीचे. घरातला माल तर मोजावाच. परंतु दुकानदारांकडे जांगड ठेवलेला मालही आठवून आठवून गोळा करावा. विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत, अशा बोलीवर दिलेले नग धंदा बंद झाल्याची वार्ता पसरली की विस्मरणात जातात. घोंगडी आणावी, नाही तर तिचे पैसे आणावेत. तिसरा पर्याय ठेवू नये. ज्यांची वस्तू-सेवा कराची नोंदणी आहे त्यांना ही यादी दुहेरी उपयोगाची. नोंदणी रद्द करताना शिल्लक मालात गेलेल्या कच्च्या मालावर कराची जी वजावट घेतली असेल ती परत भरावी लागते आणि नोंदणी रद्द झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अखेरचे विवरणपत्र द्यावे लागते. ज्यांची नोंदणीच नाही अशा लहान कारागिरांना ही दगदग नाही. वही मात्र त्यांनीही ठेवावी.

मोजताना सुताची गुंडाळी सापडते आणि मोह होतो की, एवढ्या सुताच्या आणखी चार घोंगड्या विणून टाकू, मग बंद करू. हा मोह आवरावा. जो माल खपत नाही म्हणून माग थांबवला, त्याच मालात आणखी मजुरी ओतणे हा हिशेब नव्हे. सूत चालू माग असलेल्या विणकराला विकावे. मागाचे सामानही शक्य तर त्यालाच द्यावे. त्याच्या घरी ते काम करील, भंगारात ते फक्त वजन भरील.

दुसरे काम निवडीचे. चाळीस घोंगड्या उन्हात पसरून प्रत्येक घडी उलगडून पाहावी. अठरा निर्दोष निघाल्या, चौदांत काठ वाकडा किंवा एखादा धागा तुटका आढळला, आठांना कसर लागलेली दिसली, असे समजू. लोकरीचे खरे वैरी कसर, उंदीर आणि दमट हवा. कसरीच्या अळ्या लोकरच खातात आणि घडीच्या आत, अंधारात त्यांचे फावते. म्हणून दर पंधरवड्याला घोंगडी ऊन दाखवून झटकावी, ब्रश मारावा, घडी मोडून नव्या जागी घालावी; कडुलिंबाचा वाळका पाला घालावा, आणि कसर लागलेला नग निरोगी नगांत मिसळू नये. जो माल विकायला सहा महिने लागणार आहेत, तो सहा महिने सांभाळण्याचे कामही विक्रीचाच भाग आहे.

तिसरे काम स्थळ आणि काळ निवडण्याचे. वैशाखात घोंगडी विकायला बसणारा माणूस उन्हाशी भांडतो. आपल्या सुदैवाने या भागातल्या मोठ्या यात्रा थंडीतच येतात. मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, त्याच महिन्यात पुसेगावी सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालीला खंडोबा. खंडोबाच्या भक्ताला घोंगडीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. शहराचे गिऱ्हाईक निराळे. डिसेंबरात पुण्याला भीमथडी जत्रेसारखी प्रदर्शने भरतात. तेथे येणारा माणूस घोंगडी अंगावर घेण्यासाठी नव्हे, तर दिवाणखान्यात अंथरण्यासाठी नेतो, आणि ती कोणी व कशी विणली हे आवडीने विचारतो. मोबाईलवर छायाचित्र पाठवूनही आज माल जातो. पण छायाचित्रात दोष झाकू नये. घोंगडी बोचते हे आधी सांगितलेले बरे. पार्सल उघडल्यावर कळले तर ती परत येते आणि जाण्यायेण्याचा खर्च आपल्या माथी बसतो.

आता हिशेब पाहा. अठरा निर्दोष नग तेराशेने गेले तर तेवीस हजार चारशे. चौदा सदोष नग, दोष दाखवून, नऊशेने गेले तर बारा हजार सहाशे. कसरीच्या आठांचे चांगले भाग कापून आसने केली आणि प्रत्येकीमागे तीनशे सुटले तर चोवीसशे. एकूण अडतीस हजार चारशे. प्रवास, जागा, धुलाई यांचे सहा हजार वजा जाता बत्तीस हजार चारशे राहतात. विकण्यात गेलेल्या वीस दिवसांची मजुरी चारशे रुपये रोजाने आठ हजार धरली, तरी चोवीस हजार चारशे उरतात. व्यापाऱ्याच्या सोळा हजारांहून हे आठ हजार चारशेने अधिक. खर्च अठ्ठेचाळीस हजारांचा असल्यामुळे तोटा आहेच. तो लपवण्यात अर्थ नाही. मात्र तो निम्म्याच्या आसपास आणता आला, हेही थोडे नव्हे. ज्याच्या अंगात वीस दिवस हिंडण्याची शक्ती नाही, त्याने निर्दोष अठरा बाजूला ठेवून उरलेला मालच व्यापाऱ्याला उक्ता द्यावा. त्यात कमीपणा नाही. चारही बाजू पाहून केलेला सौदा आणि कंटाळून केलेला सौदा, यांत अंतर आहे.

भाव सांगताना एक पथ्य पाळावे. "माग बंद झाला, काहीतरी द्या" असे म्हणू नये. ज्याने दयेपोटी घेतली तो घोंगडी माळ्यावर टाकतो. "माग बंद झाला आहे, या मागावरची ही शेवटची घोंगडी, आणि उसवली तर दुरुस्त करायला आता आम्ही नाही" असे खरे सांगावे. त्यात गिऱ्हाइकाचा मान राहतो आणि आपलाही.

शेवटचे काम नावाचे, आणि ते बहुतेक जण विसरतात. लंडनमध्ये रॉजर फ्राय याने १९१३ मध्ये ओमेगा वर्कशॉप्स नावाची हस्तकलेची संस्था काढली. १९१९ मध्ये ती बंद पडली आणि उरलेला माल पडत्या भावाने काढला गेला. तेथील वस्तूंवर कलावंताचे नाव घालावयाचे नाही, फक्त संस्थेची खूण घालावयाची, असा नियम होता. त्यामुळे कोणती वस्तू कोणाच्या हातची हे ठरवताना अभ्यासकांना पुढे तर्क लढवावा लागला. व्हिएन्नातील वीनर वेर्कष्टेटे ही संस्था १९०३ मध्ये निघाली, १९३२ मध्ये मोडली, आणि तिचा शिल्लक माल लिलावात गेला. तिच्या अनेक वस्तूंवर मात्र संस्थेच्या खुणेबरोबर आराखडा करणाऱ्याची आणि घडवणाऱ्या कारागिराचीही खूण होती. आज त्या वस्तू संग्रहालयांत आहेत आणि त्यांच्याबरोबर त्या कारागिरांची ओळखही टिकली आहे.

आपल्या घोंगडीला व्हिएन्नाचे भाग्य लाभेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु कापडाच्या एका चिंधीवर विणणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहून ती कोपऱ्याला टाचायला किती वेळ लागतो? सूत काढणारीचे नावही त्यावर असावे. तिचे नाव आजवर कोणी लिहिले नाही. आणि चाळीसांतली सर्वांत चांगली एक घोंगडी विकू नये. पुण्याचे दिनकर केळकर यांनी लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, भांडी आयुष्यभर गोळा केली आणि तो संग्रह १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केला. लोकांना जी अडगळ वाटली तीच आज आपण तिकीट काढून पाहतो. प्रत्येक घराने एकेक नग राखला, तर नातवंडांना आपले आजोबा काय करीत होते हे शब्दांनी सांगावे लागणार नाही.

न सुटणाऱ्या प्रश्नाला मराठीत 'भिजत घोंगडे' म्हणतात. घोंगडे भिजत पडले की पाणी पिऊन दर घटकेला जड होते, आणि उचलणाऱ्याचे बळ तेवढेच राहते. उरलेल्या मालाचेही तसेच आहे. तो उचलावा, पिळावा, उन्हात घालावा. पहिल्या दिवशी ते काम जितके हलके असते, तितके पुढे कधीच नसते.