डीएनएची अक्षरे आणि डीएनएची घडी

आनुवंशिकतेच्या शास्त्राने आपल्या परिभाषेचा मोठा भाग भाषेच्या व्यवहारातून उचललेला आहे. संकेत, प्रतिलेखन, भाषांतर, वाचनचौकट ह्या संज्ञांवाचून त्या शास्त्रातील कोणताही ग्रंथ पुढे सरकत नाही. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक ह्यांनी डीएनएच्या दुपदरी मळसूत्राची रचना मांडली. पुढे ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन ह्या चार घटकांना ‘अक्षरे’ म्हणण्याचा प्रघात पडला, आणि रोमान याकोब्सन ह्यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञानेही ह्या साम्याची गंभीरपणे दखल घेतली. रूपक फलदायी ठरले ह्यात शंका नाही. मात्र त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे : मजकूर म्हणजे अक्षरांचा क्रम, आणि ज्या पत्रावर तो लिहिला त्याची घडी कशी पडली आहे ह्याच्याशी अर्थाचा काही संबंध नाही. डीएनएच्या बाबतीत हे गृहीत कितपत टिकते?

पेशीतील बहुतेक डीएनए नेहमीच्या, म्हणजे उजव्या पिळाच्या दुपदरी रूपात असते, आणि त्याच्या एका वेढ्यात सुमारे साडेदहा जोड्या येतात. परंतु हे त्याचे एकमेव रूप नव्हे. १९७९ मध्ये अलेक्झांडर रिच आणि त्यांचे सहकारी ह्यांनी सायटोसीन व ग्वानीन आलटूनपालटून येणाऱ्या एका तुकड्याचा स्फटिक तपासला, तेव्हा त्यात चक्क डावा पीळ आढळला. त्याचा कणा नागमोडी असल्याने त्यास ‘झेड’ हे नाव मिळाले. तिपदरी रूपेही ज्ञात आहेत. तथापि जनुकनियमनाच्या दृष्टीने आज सर्वाधिक विचार होतो तो चौपदरी रूपाचा.

ह्या चौपदरी रूपाचे मूळ ग्वानीनच्या स्वभावात आहे. १९६२ मध्ये गेलर्ट, लिप्सेट आणि डेव्हिस ह्यांनी असे दाखविले की, चार ग्वानीन एकाच पातळीत चौकोनासारखे बसू शकतात आणि आठ हायड्रोजन बंधांनी एकमेकांस धरून ठेवतात. असे चौकोन एकावर एक रचले जाऊन त्यांच्या मधोमध पोटॅशियमचा आयन बसला म्हणजे रचना पक्की होते. आणि पेशीत पोटॅशियमला तोटा नाही. डीएनएच्या एकाच पदरात ग्वानीनचे चार पुंजके जवळजवळ आले, तर तो पदर स्वतःवरच दुमडून ही घडी घालू शकतो. अट एवढीच की, त्याने आधी आपल्या जोडीदारापासून सुटले पाहिजे.

ही सुटका प्रतिलेखनच घडवून आणते. दुपदरी सुंभाचे टोक घट्ट धरून पदरांमध्ये बोट घातले व ते पुढे सरकवले, तर पुढचा पीळ आवळत जातो. जनुकाचे प्रतिलेखन करणारे विकर डीएनएवरून सरकताना असेच घडते : पुढे पीळ वाढतो, मागे सैल पडतो. हे प्रतिमान लिऊ आणि वांग ह्यांनी १९८७ मध्ये मांडले. पीळ सैल पडलेल्या जागी पदर विलग होतात आणि चौपदरी घडीस अवसर मिळतो. येथेच मूळ अडचण उभी राहते. ही घडी प्रतिलेखनाचे कारण आहे की केवळ त्याचा परिणाम?

वादाचे क्षेत्र ठरले एमवायसी हे मानवी जनुक. पेशींच्या वाढीवर त्याचा अंमल चालतो आणि अनेक कर्करोगांत ते प्रमाणाबाहेर क्रियाशील असते. त्याच्या आरंभाआधी २७ अक्षरांचा एक ग्वानीनबहुल पट्टा आहे. २००२ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील लॉरेन्स हर्ली ह्यांच्या गटाने त्यातील एकच ग्वानीन बदलून घडी खिळखिळी केली, तेव्हा प्रतिलेखन सुमारे तिपटीने वाढले. निष्कर्ष सरळ दिसत होता : घडी म्हणजे जनुकास लावलेली कडी. परंतु २०१६ मध्ये केंब्रिज येथील शंकर बालसुब्रमण्यन ह्यांच्या गटाने मानवी पेशींच्या गुणसूत्रद्रव्यात अशा सुमारे १०,००० घड्या नोंदविल्या, आणि त्या प्रामुख्याने जागत्या जनुकांच्या आरंभप्रदेशीच आढळल्या. त्याच गटाने २०१५ मध्ये पेशीबाहेर काढलेल्या मानवी डीएनएत, घडी स्थिर करणारे द्रव्य मिसळून, अशी सात लाखांहून अधिक स्थाने मोजली होती. म्हणजे अक्षरे तीच असूनही घडी पडते ती मोजक्या ठिकाणी.

विसंगतीचे एक कारण प्रयोगाच्या रीतीत शोधता येते. २००२ चा प्रयोग मूळ गुणसूत्रावर झालेला नव्हता, तर पेशीत बाहेरून घातलेल्या डीएनएवर झाला होता. शिवाय अक्षर बदलले की घडी मोडते, तशी त्या अक्षरक्रमास ओळखणाऱ्या प्रथिनांची बैठकही मोडू शकते. परिणाम कोणाचा, हे मग सांगता येत नाही. भाषाशास्त्रात अशा वेळी प्रतिस्थापनाची कसोटी लावतात : एका घटकाच्या जागी दुसरा ठेवावयाचा आणि कार्य टिकते की नाही ते पाहावयाचे.

केंब्रिजच्या गटाने २०२४ मध्ये नेमके हेच केले, त्या कसोटीचे नाव न घेता. क्रिस्पर तंत्राने त्यांनी एमवायसीची घडी मूळ गुणसूत्रावरच मोडली. पी१ ह्या आरंभस्थानापासूनचे प्रतिलेखन त्यामुळे घटले, आणि मोकळ्या राहणाऱ्या त्या जागी नवा न्यूक्लिओसोम येऊन बसला. नंतर तेथे केआरएएस ह्या निराळ्याच जनुकाची चौपदरी घडी बसविली. अक्षरक्रम परका, आकाराची जात तीच. आणि प्रतिलेखन पुन्हा सुरू झाले. नियामक प्रथिनांना बोलावून आणणारी वस्तू ह्या ठिकाणी अक्षरक्रम नसून आकार होती, असे म्हणावयास आता आधार आहे.

हा निष्कर्ष एका जनुकापुरता आहे आणि एमवायसीला आरंभस्थानेही एकाहून अधिक आहेत, हे विसरता कामा नये. तरीही औषधविचारास त्याने पेचात टाकले आहे. घडी ही कडी आहे असे मानून ती अधिक घट्ट करणारे रेणू शोधण्यात बरीच वर्षे गेली. ती जर जनुकास जागे ठेवीत असेल, तर तिला बिलगणारा रेणू जनुक कसा थोपवितो? कदाचित तेथे बसू पाहणाऱ्या प्रथिनांची जागा तो अडवीत असावा. सीएक्स-५४६१ ह्या रेणूची उदाहरणादाखल कर्करुग्णांवर चाचणी झालेली आहे. तो प्रथम आरएनए पॉलिमरेज १ चा रोधक म्हणून पुढे आला, २०१७ मध्ये चौपदरी घडी स्थिर करणारा म्हणून ओळखला गेला, आणि पुढे त्याचा मारक परिणाम बऱ्याच अंशी टोपोआयसोमरेज २ ह्या, डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या विकराच्या द्वारे होतो असे दिसून आले.