पाणी धरणातच निवळतं

पुण्याच्या नळाला येणारं पाणी शुद्ध कुठे होतं? बहुतेक पुणेकर पर्वतीच्या जलकेंद्राकडे बोट दाखवतील. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. शुद्धीकरणाचा पहिला टप्पा आधीच, खडकवासल्याच्या जलाशयात पार पडलेला असतो. त्याच जलाशयाच्या काठावर रविवारी भाजलेली कणसं आणि कांदाभजी खायला निम्मं शहर लोटतं.

मुठा नदीवरचं हे दगडी धरण १८७९ साली पूर्ण झालं. बांधणाऱ्या इंग्रज अभियंत्याच्या नावावरून जलाशयाला 'लेक फाइफ' म्हणत. विश्वेश्वरय्यांनी कल्पिलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये पहिल्यांदा इथेच बसले. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या बाजूचं पानशेत धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं. पुढे ते पुन्हा उभं राहिलं. आज त्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. वरच्या अंगाच्या वरसगाव (१२.८२), पानशेत (१०.६५) आणि टेमघर (३.७१) या धरणांपुढे खडकवासला लहानच, पण तिन्हींचं पाणी याच्यातून गेल्याशिवाय शहरात पोहोचत नाही.

पावसाळ्यात नदी गढूळ पाणी घेऊन येते. जलाशयात शिरताच तिचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसू लागतो. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला जेमतेम दोन मिनिटं घेतो. मातीचा कण त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका, म्हणजे एक मायक्रॉनचा असेल, तर तेवढंच अंतर कापायला त्याला जवळजवळ तेरा दिवस लागतात. कणाचा व्यास शंभरपट घटला की बसण्याचा वेग दहा हजार पटींनी मंदावतो. म्हणून जाडाभरडा गाळ धरणात राहतो आणि बारीक गढूळपणा जलकेंद्रापर्यंत येतो. तिथे तुरटीचं काम सुरू होतं. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके होतात आणि तळाला बसतात. पुढे वाळूची गाळणी आणि शेवटी क्लोरीन.

धरणात पाणी थांबतं तेवढ्या काळात रोगजंतूंची संख्याही घटते. काही तळाला बसतात, काहींना ऊन मारतं, काहींना पाण्यातले सूक्ष्मजीव खातात.

हे फुकटचं काम बिघडवतं ते काठावरून येणारं सांडपाणी. साबणातला आणि मैल्यातला फॉस्फरस म्हणजे शेवाळाचं खत. एक ग्रॅम फॉस्फरसवर, वाळवून मोजलं तर, साधारण शंभर ग्रॅम शेवाळ पोसलं जाऊ शकतं. ते मेलं की तळाशी कुजतं आणि तिथला ऑक्सिजन संपवतं. मग गाळात अडकलेला फॉस्फरस, लोह आणि मँगेनीज पुन्हा पाण्यात उतरतात. शेवाळामुळे जलकेंद्राच्या गाळण्या तुंबतात, पाण्याला वास येतो. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नको असलेली संयुगंही तयार होतात. म्हणजे क्लोरीनचा डोस वाढवला की प्रश्न सुटला, असं होत नाही.

मग काठावर माणसांनी फिरकूच नये का? तसं नाही. लोक ज्या पाण्याजवळ जातात, त्याची त्यांना काळजीही वाटते. पण काठावर बसणं आणि पाण्यात उतरणं यांत फरक आहे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वरून पाहताना चार फूट खोल पाणी तीन फुटांचं दिसतं, आणि खाली मऊ गाळ असतो. पाय रुतला की पोहणाऱ्यालाही तो सहज सुटत नाही.

पाण्यात न उतरणं, तिथे भांडी-कपडे न धुणं, कचरा परत नेणं एवढं पर्यटकाच्या हातात आहे. खरी जबाबदारी मात्र काठावरच्या हॉटेलांचं, फार्महाउसचं आणि वस्त्यांचं सांडपाणी प्रक्रियेशिवाय जलाशयात उतरू न देण्याची आहे, आणि ती यंत्रणांनी उचलायला हवी. सांडपाणी उगमापाशी अडवणं हे मिसळलेलं पाणी पुन्हा शुद्ध करण्यापेक्षा केव्हाही सोपं आणि स्वस्त.