व्हिक्टोरियाचे फुरू

सुमारे 15,000 वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर कोरडं पडलं होतं. तळाच्या गाळाने ही साक्ष दिली. आज तिथे 68,000 चौरस किलोमीटरांवर पाणी पसरलेलं आहे, आणि अगदी अलीकडेपर्यंत त्यात सिक्लिड कुळातल्या 500 च्या आसपास जाती नांदत होत्या. टांझानियाच्या काठावर या छोट्या माशांना सरसकट ‘फुरू’ म्हणतात. खाणं मात्र ज्याचं त्याचं वेगळं. कोणी दगडावरचं शेवाळ खरवडतो, कोणी गोगलगाई फोडतो, तर कोणी दुसऱ्या मादीच्या तोंडात वाढणारी पिल्लंच पळवतो.

एवढी विविधता शक्य झाली ती घशामुळे. सिक्लिडला घशात जबड्यांची दुसरी जोडी असते; पुढच्याने धरायचं, मागच्याने दळायचं. अ‍ॅस्टॅटोरिओक्रोमिस अलुआउडी हा गोगलगाई खाणारा मासा. व्हिक्टोरियात त्याचं हे जातं दणकट, दाढांसारख्या चपट्या दातांचं असतं. ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञ हम्फ्री ग्रीनवुड यांनी 1965 मध्ये दाखवून दिलं की काचेच्या टाकीत मऊ अन्नावर वाढलेल्या याच जातीच्या माशांची घशातली हाडं बारीक राहतात. म्हणजे रूपाचा काही भाग वारशाने येतो आणि काही भाग रोजच्या जेवणाने घडतो.

1950 च्या दशकात सरोवरात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला. 1980 च्या दशकात त्याची संख्या बेसुमार वाढली आणि फुरूंच्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. ही गोष्ट जगभर सांगितली गेली. तिची दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. काठावरची जंगलं तुटली, शेतं आणि शहरं वाढली, नायट्रोजन-फॉस्फरस पाण्यात उतरलं, शेवाळ माजलं. पंचगंगेच्या काठच्या वाचकाला ओळखीची असलेली जलपर्णीही तिथे पोचली. 1920 च्या दशकात सात-आठ मीटर खोल दिसायचं. 1990 च्या दशकात त्याच्या निम्मंही दिसेना. तळाशी प्राणवायू कमी पडू लागला.

याच सरोवराच्या म्वान्झा आखातातला हॅप्लोक्रोमिस पायरोसेफॅलस हा प्राणिप्लवकांवर जगणारा मासा जवळपास नाहीसा झाला होता. 1990 च्या दशकात तो परतला, पण बदलून. डच संशोधक फ्रान्स विट आणि सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या नमुन्यांची मापं घेतली. कल्ल्यांचं क्षेत्रफळ 60 टक्क्यांहून अधिक वाढलं होतं आणि डोळे लहान झाले होते. प्लवकांच्या जोडीला आता कोळंबी, कीटक असे मोठे घासही पोटात सापडत होते. हे सगळं दोन दशकांत! उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, हे शाळेत शिकलेलं इथे तरी बाजूला ठेवावं लागतं. अर्थात यात वंशपरंपरेचा वाटा किती आणि परिस्थितीने घडवलेला किती, हे नुसत्या मापांवरून ठरत नाही.

गढूळपणाचा सर्वांत सूक्ष्म घाव मात्र नजरेवर बसला. पुंडामिलिया वंशातल्या दोन जाती रंगाने वेगळ्या, एकीचे नर निळसर, दुसरीचे लालसर. (लाल जातीला टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांचं नाव आहे.) स्वच्छ पाण्यात माद्या आपल्या जातीच्या रंगाचा नर निवडतात. संशोधक ओले झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये मांडलं की गढूळ पाण्यात रंगच नीट दिसत नाहीत, निवड ढिली पडते आणि जाती एकमेकींत मिसळू लागतात. कोणी कोणाला न खाताही जात संपू शकते.

म्हणून सगळं खापर एकट्या पर्चवर फोडणं मला पटत नाही. त्याची मासेमारी वाढल्यावर काही फुरू परतले, हे खरं. पण काठावरून येणारं सांडपाणी आणि गाळ अडवल्याशिवाय त्यांना जुनं सरोवर मिळणार नाही.