हमीपत्राचे मोल

पेठ म्हणजे बाजार. कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगावच्या नावातच बाजार आहे. समजा, तेथील एका कुटुंबाने दूरदर्शन संच विकत घेतला. वर्षभर विनामूल्य दुरुस्ती करून देण्याचे वचन हमीपत्रात होते. चार महिन्यांतच संचावरील चित्र नाहीसे झाले. दुकानदार म्हणाला, "तुम्ही तो नीट वापरला नाही, दुरुस्तीचे पैसे पडतील." ग्राहक म्हणाला, "दोष मुळातलाच आहे." आता खरे कोणाचे मानावे?

पूर्वी अशा वादासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे. तो खर्च आणि विलंब न परवडल्यामुळे सामान्य माणूस मुकाट्याने नुकसान सोशीत असे. ही अडचण जाणून १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. पुढे २०१९ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली.

आता ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वडगावकरांसाठी तो आयोग कोल्हापूरला आहे. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. वकीलही द्यावाच लागतो असे नाही. आवश्यक वाटल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेतो. दोष मुळातला ठरला, तर तो दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देता येतो. चूक ग्राहकाचीच असेल, तर तक्रार फेटाळली जाते.

मात्र न्याय मागण्यास पुरावा लागतो. तोंडी शब्द वाऱ्यावर विरतो. लेखी शब्द टिकतो. म्हणून मुलांनो, खरेदीची पावती आणि हमीपत्र नीट वाचून जपून ठेवावे.